दारातून परत गेलेलं तेल

मला आता बरं आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारखा आजार निघालेली कुणी बाई हे वाचत असेल, तर लिहिणारी जगली की मेली ही तिची पहिली शंका असणार. जगले. तीन वर्षं झाली. छातीची डावी बाजू सपाट आहे, त्या बाजूचा हात संध्याकाळी जड होतो, आणि सरळसोट केस गेले ते परत येताना कुरळे आले. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. माझ्या आजारपणात माझ्या घरातलं जे माणूस गेलं, त्याला काही होतंय हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नाही.

मी चुडाव्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. स्टेशनच्या मागच्या अंगाला आम्हा कॅथलिकांची अकरा घरं आहेत. फादर परभणीहून मोटारसायकलवर महिन्यातल्या एका रविवारी मिस्सेला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, येतात. बाकीच्या रविवारी प्रार्थना मी चालवते. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला त्या रविवारचा उतारा, वाचते आणि त्यावर दहा मिनिटांचं मनन सांगते. ते मनन आठवडाभर दोनशेपानी वहीत लिहून काढते. वीसेक वर्षं झाली या कामाला, आणि त्याचा मला गर्व होता, तेही सांगून टाकते.

माझे मालक योहान रेल्वेत गँगमन होते. चौथी शिकलेले, अंगाने उंच, बोलायला कमी. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना मनन वाचून दाखवायचे. ते ओट्यावर बसून भाजी निवडत ऐकायचे आणि शेवटी एकच शेरा मारायचे, "आता कळलं" किंवा "लांबलं." लांबलं म्हणाले की मी चिडायचे. तुम्हाला काय कळतं त्यातलं, म्हणायचे. मग ते झोपले की गुपचूप अर्धं पान खोडायचे. दुसऱ्या दिवशी लोक म्हणायचे, बाई, आज छान सांगितलं. त्यातलं निम्मं श्रेय त्यांचं, हे मी एकदाही कुणाला सांगितलं नाही.

रिपोर्टचा दिवस

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आमच्याकडे ओढ्यातल्या शिंदीच्या झावळ्या आणतात. वर्षभर त्या दाराला खोचून ठेवायच्या, आणि पुढच्या भस्माच्या बुधवारी त्याच जाळून कपाळाला लावायची राख करायची. ती राख चाळून ठेवणं माझ्याकडे. त्या वर्षी भस्माच्या बुधवारी घरी येऊन आंघोळ करताना काखेजवळ हाताला गाठ लागली. मी ती पुन्हा चाचपली आणि साबण खाली ठेवला. तीन आठवडे कुणाला बोलले नाही. परीक्षा जवळ आल्या होत्या, हे निमित्त पुरेसं वाटलं. शहाणी म्हणवणारी बाई असं करते, मग इतरांचं काय सांगावं.

योहानांना सांगितलं तेव्हा ते ताटातलं जेवण तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मला नांदेडला नेलं. सुया टोचल्या, तुकडा काढला, थांबा म्हणाले.

रिपोर्ट आला तो झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी. डॉक्टर माझ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, सोबत कोण आहे. योहान चहा आणायला गेले होते. मी म्हटलं, मीच आहे माझ्या सोबत, सांगा. त्यांनी सांगितलं. मी शाळेत मुलांना करते तसं तीन वेळा हूं हूं केलं. बाहेर आले तर योहान दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले धरून उभे. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेले बाकावर ठेवायला गेले, तर दोन्ही सांडले. खाली बसून रुमालाने फरशी पुसत राहिले. मी म्हटलं, अहो, राहू द्या. ते पुसतच राहिले.

तुम्हाला कुणी रिपोर्टला बोलावलं तर एकट्या आत जाऊ नका. ऐकायला कुणी लागत नाही, पण ऐकल्यावर बाहेर येऊन दुसऱ्याला सांगावं लागतं ते फार कठीण जातं.

तेल

ऑपरेशन ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी ठरलं. मी फादरांना म्हटलं, आदल्या दिवशी मला आजाऱ्यांचा अभ्यंग द्या. म्हणजे फादर प्रार्थना करून आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात, आमचा तो संस्कार आहे. फादर म्हणाले, मंगळवारी पाचच्या सुमारास दवाखान्यात येतो.

आता आमच्या वस्तीत या तेलाची काय दहशत आहे ते सांगायला पाहिजे. पूर्वी फादर लांबून यायचे, रस्ते नव्हते. माणूस अगदी जायला टेकलं की मगच त्यांना निरोप जायचा. फादर यायचे, तेल लावायचे, आणि माणूस त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जायचं. दोन पिढ्यांनी हेच पाहिलं. त्यामुळे तेल लावलं की माणूस गेलं, हे इथं पक्कं झालं. योहानांचे वडील तसे गेले. थोरले भाऊ तसेच गेले, तेल लावून फादर अजून स्टेशनवर पोचले नव्हते.

ही समजूत मोडायला मी वीस वर्षं बोलत होते. तेल मरणाऱ्याचं नाही, आजाऱ्याचं आहे, ताकदीसाठी आहे, वेळेवर बोलवा. रविवारच्या वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा सतरंज्या घालायला योहानच असायचे. मागे भिंतीला टेकून ते सगळं ऐकायचे.

मंगळवारी चार वाजताच मी तोंड धुतलं, धुतलेलं पातळ नेसले. खाटेजवळच्या कपाटावर पांढरा रुमाल अंथरला, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती. बाजूच्या खाटेवरच्या राणीसावरगावच्या आजीने विचारलं, पूजा हाय का? म्हटलं, तसंच. पाच वाजले, सहा वाजले. योहान खाली गेले होते ते वर आले. मी विचारलं, फादर दिसले का? ते खिडकीकडे बघत म्हणाले, "काई काम निघालं असंल त्यांना." मी रुमालाची घडी केली.

सकाळी मला आत नेलं तेव्हा कपाळ कोरडं होतं. भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. मोठी भीती वाटली. ईस्टरच्या पहाटे येशूच्या कबरीकडे निघालेल्या त्या बाया वाटेने एकमेकींना विचारत होत्या ना, की कबरीवरचा दगड कोण लोटील, तेवढंच मनात फिरत राहिलं. माझा दगड लोटायला कुणी आलं नाही, असं वाटलं. मग नाकावर मास्क ठेवला.

जयंतीचा दिवस

शुद्धीवर आले तेव्हा एक बाजू गेली होती, छातीतून एक नळी बाटलीत उतरलेली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाहेर आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते. आमची शेजारीण कमलाबाई जयंतीचं घरचं सगळं सोडून मला भेटायला आली होती. पांढरी साडी, हातात डब्यात खीर. अशी माणसं मिळायला नशीब लागतं. तिच्या घरी बुद्धवंदना, माझ्या घरी जपमाळ, आणि मधल्या भिंतीवरून तीस वर्षं कोथिंबीर, कढीपत्ता आणि भांडणं जात-येत आहेत.

ती असतानाच फादरांचा फोन आला. म्हणाले, बाई, कशा आहात, मंगळवारी आलो होतो, तुम्हाला सुई देऊन झोपवलंय, उठवू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून योहान म्हणाले, मग खालूनच परत गेलो.

मी फोन ठेवला. योहान पायथ्याशी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते.

"मी झोपले होते?" मी विचारलं.

त्यांना कळलं. मोसंबं तसंच हातात राहिलं. कमलाबाई डबा घेऊन बाहेर गेली.

"तेल लावल्यावर कुणी राहिलंय का आपल्यात?" ते म्हणाले. "बाप गेला. दादा गेला."

"मग मी वीस वर्षं काय शिकवलं? मागं बसून काय ऐकलं तुम्ही?"

"ते लोकांसाठी खरं असंल. तुला न्हाई लावू देणार व्हतो मी."

आज हे वाक्य आठवलं की जीव तुटतो. इतकं मोठं प्रेमाचं वाक्य त्या माणसाने आयुष्यात दुसरं उच्चारलं नाही. तेव्हा मला त्यात फक्त माझा पराभव ऐकू आला. माझ्याच घरात माझं शिकवणं फुकट गेलं, हा राग होता. भीतीचाही राग होता, कापलेल्या अंगाचा होता. तो सगळा एका माणसावर निघाला. मी म्हटलं, मी त्या टेबलावर गेले असते तर बिनतेलाची गेले असते, तुमच्यामुळे. आणि म्हटलं, "आता माझ्याशी बोलू नका."

रेल्वेत सदतीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस. त्याने हाही पाळला.

शेळीशी बोलणारा माणूस

तो ईस्टरनंतरचा पहिलाच रविवार मी दवाखान्यात काढला. मुलगी रूथ जिंतूरहून एस.टी.ने आली होती, ती माझ्यापाशी थांबली. योहान गावी गेले, कारण प्रार्थना चालवायला दुसरं कुणी नव्हतं. मनन नाही जमणार, नुसतं शुभवर्तमान वाचतो, असं ते रूथला म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

त्या रविवारचं शुभवर्तमान थोमाचं असतं. शिष्य भीतीने दारं लावून बसलेले, आणि येशू आत येऊन आधी शांती देतो आणि मग जखमा दाखवतो. जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाच्या संशयावर मी इतकी वर्षं बोलले. त्या वर्षी खाटेवर पडून मला वेगळंच दिसलं. पुन्हा उठलेल्या देहावरही जखमा तशाच होत्या. त्या लपवल्या नव्हत्या. हे मला फार धीराचं वाटलं, कारण मी तर नर्स पट्टी सोडायला लागली की डोळे मिटून घेत होते. पुढच्या बाईला हे सांगावंसं वाटतं: एकदा आरशात बघून घ्या. पहिल्यांदा रडू येतं, नंतर ते आपलंच अंग असतं.

त्या मंगळवारी फादर पुन्हा आले. मी तोवर घरी आले होते. त्यांनी मला तेल लावलं. योहान सगळा वेळ अंगणात लिंबाखाली उभे होते, आत आले नाहीत. नंतरचे तीन दिवस त्यांनी माझ्यावर असं लक्ष ठेवलं, जसं चुलीवरच्या दुधावर ठेवतात. जरा खोकले की दारात. चौथ्या दिवशी सकाळी शेळीपुढे पाला टाकताना ते तिला म्हणाले, "काई झालं न्हाई बघ. तेल लावलं तरी काई झालं न्हाई." मला आत हसू आलं होतं. मी ते गिळलं.

त्यांनी ही युक्ती काढली होती. माझ्याशी बोलायचं नाही ना, मग शेळीशी बोलायचं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आज गाडी उशिरा हाय गं. आज कमलाबाईनं वरण दिलंय, आंबट हाय, पण खायला पाहिजे. उद्या टाके काढायचेत, लवकर उठायला पाहिजे. शेळी कान हलवायची. मी पदराआड तोंड करायचे आणि उत्तर द्यायचे नाही. एकदा तर ओठांपर्यंत आलं होतं, त्या शेळीलाच सांगावं की ऐकलं म्हणून. तेवढंही केलं नाही.

टाके काढायला आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. त्या आठवड्याचं शुभवर्तमान अम्माऊसच्या वाटेचं होतं. दोघे शिष्य दुःखात बोलत बोलत चाललेले, आणि पुन्हा उठलेला येशू तिसरा म्हणून सोबत चालायला लागतो, तरी त्यांना ओळखू येत नाही. मागे एका वर्षी या उताऱ्यावर मनन वाचलं होतं तेव्हा योहान म्हणाले होते, ते अंतर म्हणजे आमची एक बीट, रूळ तपासत गँगमनला रोजचं चालणं, आणि बोलत चाललं की मैल कळत नाहीत. त्या दिवशी स्टेशनचं अंतर दहा मिनिटांचंही नव्हतं, पण संपता संपेना. ते पिशवी घेऊन माझ्या बरोबरीने चालत होते, उन्हाच्या बाजूने, सावली माझ्यावर पडावी म्हणून. एका ठिकाणी थांबून त्यांनी छातीवर हात दाबला. मी पाहिलं. काय होतंय, हे दोन शब्द विचारायचे होते. मी पुढे चालत राहिले.

मग पहिला केमो झाला. त्याबद्दल लिहायचं म्हणजे तोंडाची चव गेली आणि पातेलं जवळ लागायचं, बाकी सगळ्यांचं सारखंच असतं. योहान ज्वारीची आंबील पातळ करून द्यायचे, ती राहायची. केस जायला लागले तेव्हा रोज सकाळी मी तोंड धुवायला गेले की ते उशीवरचे केस वेचून घ्यायचे, मला दिसू नयेत म्हणून. मला वाटत होतं माझे केस फारसे जात नाहीयेत. त्या दिवसांत मी देवाकडे रोज एकच मागत होते, मला बरं कर. बरं करणारा माणूस घरात उशी झटकत होता.

शनिवार

येशूच्या स्वर्गारोहणाच्या रविवारचा आदला दिवस. उन्हाळा कडक, दुपारी तीनचा सुमार. दुसऱ्या केमोच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट आणायला योहान नांदेडला निघाले होते. मी खाटेवर डोळे मिटून पडले होते. त्यांनी तांब्या भरून माझ्याजवळ ठेवला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं. मग तिथंच उभे राहिले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ते शेळीला सोडून माझ्याशी बोलले.

"झोपलीस का?"

मी हलले नाही.

"उद्याचं एकदा वाचून दाखवतीस का? लय शब्द अडकतेत मला."

मी श्वाससुद्धा झोपलेल्या माणसासारखा घेत होते. खरं सांगते, तेव्हा राग उरलेला नव्हता. आधी कुणी वाकायचं हा नुसता हट्ट उरला होता, आणि ते वाकले होते तरी मला वाटलं, अजून थोडं. संध्याकाळी गाडीने परत येतील. संध्याकाळी बोलू. शनिवारच आहे, ओट्यावर बसून वाचून दाखवू.

"अजून राग हाय का गं?" त्यांनी विचारलं.

 मग चपला घालण्याचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली.

तासाभराने कमलाबाई धावत आली. तिने दारातूनच सांगितलं. स्टेशनवर लिंबाखालच्या बाकावर बसले होते, गाडीची घंटा झाली, उठले आणि खाली पडले. पॉइंट्समनने पाणी दिलं तर ते आत गेलं नाही. खिशात माझ्या फाईल नंबरची चिठ्ठी होती, आणि उद्याच्या वाचनाचा कागद, त्यातल्या अवघड शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या.

फादर पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यांनी प्रार्थना म्हटल्या, पवित्र पाणी शिंपडलं. तेलाची कुपी पिशवीतून काढली नाही. मी कुपीकडे बघितलं आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेल जिवंत माणसासाठी असतं. हे मीच वीस वर्षं शिकवलं होतं. मला बिनतेलाचं पाठवलं म्हणून मी ज्यांच्यावर रुसले, ते बिनतेलाचे गेले, आणि बिनशब्दाचेही.

नंतर

पुढचे केमो झाले. नेणं-आणणं रूथ आणि कमलाबाईने वाटून घेतलं. टक्कल पडलेल्या विधवेकडे बघून लोकांना काय बोलावं कळायचं नाही, ते नुसते डोक्यावरून हात फिरवायचे. मला वाटायचं, कुणीतरी मला शिव्या द्याव्यात. कुणी दिल्या नाहीत. रिपोर्ट चांगले येत गेले. प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर मी घरी येऊन रडले, कारण तो ज्याला सांगायचा तो माणूस नव्हता.

फादरांपाशी पापकबुली केली. त्यांनी क्षमा दिली आणि येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढली. तीनदा ओळख नाकारणाऱ्याला येशूने तळ्याकाठी विस्तव पेटवून न्याहारी दिली आणि तीनदाच प्रेमाचं विचारलं. मला ती गोष्ट तोंडपाठ आहे. मी म्हटलं, फादर, पेत्राला विचारणारा परत आला होता. मला विचारणारा विचारून गेला.  देवाने क्षमा केली असेल, यावर माझा विश्वास आहे. रात्रंदिवस टोचतं ते दुसरंच आहे. त्यांना माफी मिळाली की नाही, हे त्यांना कळलंच नाही. ती द्यायचं काम माझं होतं.

यंदा

आमची रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात. म्हणजे त्या वर्षीची सगळी शुभवर्तमानं यंदा पुन्हा आली. मी जुनी वही काढली. ईस्टरपर्यंत पानं भरलेली होती. पुढची कोरी.

या शुक्रवारी शांताबाई आली. ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी, प्रार्थनेला कधी न चुकणारी. यंदा थोमाच्या रविवारचं मनन सांगणार का, असं विचारायला आली होती, आणि जाता जाता दारात थांबली.

"तुला कुणी सांगितलं न्हाई वाटतं," ती म्हणाली. "त्या वर्षी योहाननं हेच वाचलं व्हतं. मधीच थांबला."

मी विचारलं, कुठे थांबले.

तिने सांगितलं. त्या उताऱ्यात येशू शिष्यांवर श्वास फुंकतो आणि म्हणतो की तुम्ही ज्याला मोकळं कराल तो मोकळा, आणि ज्याचं पाप धरून ठेवाल त्याचं धरलेलं राहील. तिथपर्यंत योहान अडखळत आले. मोकळं करण्याचं वाचलं, धरून ठेवण्याचं वाचलं नाही. पुस्तक मिटलं, आणि लोक उभे असतानाच खाली बसले. लोकांना वाटलं, शब्द अवघड असेल. शांताबाई पहिल्या सतरंजीवर होती. ती म्हणाली, "शब्द अवघड न्हवता. रडायलता तो."

 त्या वचनातला अधिकार धर्मगुरूंचा आहे, हे मला माहीत आहे, मीच शिकवते. पण त्यांनी ते स्वतःचं म्हणून वाचलं. कोण धरून बसलंय, हे त्यांना ठाऊक होतं, आणि अकरा घरांपुढे त्यांनी माझा दोष वाचायचं टाळलं.

आज शनिवार. मनन लिहून झालं आहे. उद्या ते वाक्य मी पुरतं वाचणार आहे, आणि मी काय धरून ठेवलं ते नाव घेऊन सांगणार आहे. घरांच्या पलीकडच्या ओळीत पौलस पोटाच्या दुखण्याने महिनाभर अंथरुणाला आहे आणि त्याची बायको फादरांना बोलवू देत नाही. त्या बाईला उपदेश करायला मला आता तोंड नाही. तिच्या जागी माझा नवरा उभा होता, हे मात्र सांगता येईल. तिला फादरांना बोलवायचं नसेल तर मी तिच्यावर रागावणार नाही. पुन्हा तिच्याकडे जाईन.

संध्याकाळी कोथिंबीर घेऊन ओट्यावर बसले आणि मनन मोठ्याने वाचलं, सवयीप्रमाणे. शेळी खुंट्याला होती. वाचून झाल्यावर थांबले. लांबलं, असं कुणी म्हटलं नाही. लांबलंच होतं. मी पेन घेऊन अर्धं पान खोडलं. तरी उठवेना, कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं अजून द्यायची राहिली होती. पहिलं विचारलं होतं, झोपलीस का.

अहो, मी जागी होते.